ट्रायपॉडवरून कार्यक्रमांचे स्थिर चित्रीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीर्तन, गाण्याची बैठक, व्याख्यान, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा हौशी नाट्यप्रयोग यांचे चित्रीकरण बहुतेक ठिकाणी एकच व्यक्ती एका कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने करते. पुढील उत्तरे मुख्यतः अशा व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. चित्र हलण्याचे कारण जमिनीपासून कॅमेऱ्यापर्यंतच्या कोणत्या तरी एका सांध्यात असते आणि तो सांधा सापडला की बरेचदा नव्या खरेदीची गरज उरत नाही, असा या उत्तरांचा रोख आहे.

कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये हाताचा कंप सावरणारे स्टॅबिलायझेशन असताना ट्रायपॉड कशासाठी?

दोन तासांचे व्याख्यान कॅमेरा हातात धरून टिपता येत नाही, हे उघड आहे. पण त्याहून मोठे कारण अंतराचे आहे. सभागृहात चित्रीकरण करणाऱ्याला प्रेक्षकांच्या मागे उभे राहून झूम करावे लागते आणि झूम केल्यावर प्रत्येक धक्का मोठा होऊन दिसतो. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्समधून आडवे सुमारे ७४ अंशांचे दृश्य दिसते, तर २०० मिलिमीटरच्या लेन्समधून जेमतेम १० अंशांचे. म्हणजे तोच धक्का दुसऱ्या लेन्सवर सुमारे सातपट जाणवतो. रंगमंच २० मीटरवर असेल, तर २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुमारे ३.६ मीटर रुंदीचा भाग मावतो. अशा वेळी कॅमेरा अंशाच्या केवळ दहाव्या भागाइतका वळला, तरी रंगमंचावरचे दृश्य साडेतीन सेंटीमीटर सरकते आणि १९२० पिक्सेल रुंदीच्या व्हिडिओत ते १८-१९ पिक्सेलचे अंतर होते. स्टॅबिलायझेशनमुळे यातला बारीक कंप कमी होतो, परंतु थकलेल्या हातामुळे चौकट हळूहळू खाली झुकते किंवा बाजूला जाते, त्यावर त्याचा इलाज चालत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावूनही चित्र थरथरते. कारण कसे शोधावे?

खालून वर असा क्रम धरावा. प्रथम जमीन पाहावी. मंडपातील फळ्यांचा मंच, लाकडी तक्तपोशी, बाल्कनीचा पुढचा भाग आणि गालिच्याखालचा मऊ थर या सर्व जागा माणसांच्या वावराने हलतात. वारकरी कीर्तनात टाळकरी पावली खेळू लागले की संपूर्ण मंच तालात खालीवर होतो. त्याच मंचाच्या कोपऱ्यावर ट्रायपॉड असेल, तर कितीही महाग असला तरी तोही त्याच तालात हलणार. अशा ठिकाणी ट्रायपॉड मंचावरून उतरवून पक्क्या जमिनीवर ठेवणे हा एकच उपाय आहे.

त्यानंतर पाय पाहावेत. पायांचे सर्व लॉक घट्ट केल्यावर हेडच्या (पायांवर बसवलेला, कॅमेरा फिरवणारा भाग) खालचा भाग दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळून पाहावा. एखादा पाय वळत असेल, तर वरच्या जोडाचा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो बहुतेक वेळा अ‍ॅलन कीने आवळता येतो. मग हेड आणि पाय यांचा सांधा, हेड आणि प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावायची सपाट पट्टी) यांचा सांधा आणि शेवटी प्लेट आणि कॅमेरा यांचा सांधा तपासावा. या शेवटच्या सांध्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कॅमेऱ्याच्या तळाशी पाव इंची स्क्रूची खाच असते. प्लेटचा स्क्रू केवळ बोटांनी फिरवून सोडला, तर लांब लेन्सच्या वजनाने कॅमेरा प्लेटवर किंचित फिरत राहतो. स्क्रूच्या डोक्यावर खाच असल्यास तो नाण्याने आवळावा. लेन्सला स्वतःची कॉलर (ट्रायपॉडला जोडण्यासाठी लेन्सभोवती असलेली कडी) असेल, तर प्लेट कॅमेऱ्याला न लावता त्या कॉलरला लावावी.

एवढे करूनही चित्र हलत असेल, तर कॅमेऱ्याला लटकणाऱ्या वस्तू पाहाव्यात. गळ्यातला पट्टा पंख्याच्या वाऱ्यात फडफडतो आणि हेडफोनची किंवा माइकची वायर कोणाच्या तरी पायात येते. पट्टा काढून ठेवावा आणि वायर थोडी सैल सोडून ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधावी. यानंतर उरतो तो चित्रीकरण करणाऱ्याचा हात, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते: काही कारण नसताना हात सतत पॅनच्या, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवण्याच्या, दांडीवर ठेवलेला असतो. चौकट ठरल्यावर हात काढून घ्यावा.

सभागृहात ट्रायपॉड कुठे आणि किती उंचीवर ठेवावा?

मधल्या वाटेच्या शेवटी, रंगमंचाच्या मध्यरेषेवर जागा मिळाली तर उत्तम. मात्र तीच लोकांच्या येण्याजाण्याची वाट असते, म्हणून ट्रायपॉड भिंतीला किंवा खांबाला लागून ठेवावा आणि पायांच्या टोकांशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावावी. कॅमेऱ्याची लेन्स समोरच्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जाईल एवढी उंची लागते, आणि लोक आरतीला किंवा मानवंदनेला उभे राहतील हेही लक्षात घ्यावे लागते. उताराचे सभागृह असेल तर मागच्या रांगांतून आपोआपच उंची मिळते. सपाट मंगल कार्यालयात ती मिळत नाही; तिथे टेबलावर ट्रायपॉड चढवण्याचा मोह टाळावा, कारण टेबल स्वतःच डुगडुगते. त्यापेक्षा थोडे पुढे, बाजूच्या भिंतीपाशी जागा घेऊन तिरका कोन पत्करलेला बरा.

आयोजकांशी जागेबद्दल कार्यक्रमाच्या आधी बोलून ठेवावे. ऐन वेळी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडताना ट्रायपॉड सर्वांत आधी हलवला जातो.

पाय कोणत्या क्रमाने उघडावेत? मधला दांडा वर करावा का?

सर्वांत वरचा, म्हणजे जाड भाग आधी पूर्ण बाहेर काढावा आणि बारीक भाग गरज पडली तरच. एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवावा. त्यामुळे पुढच्या वजनाला आधार मिळतो आणि मागच्या दोन पायांमध्ये उभे राहायला जागा होते. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवावा.

मधला दांडा शक्यतो वर करू नये. तो वर केला की तीन पायांवर एका बारीक काठीचा तोल सांभाळल्यासारखे होते आणि पायांच्या रुंदीचा फायदा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. व्हिडिओसाठी बनवलेल्या मोठ्या ट्रायपॉडना बहुधा असा दांडा नसतोच.

पाणसळ पाहणे एवढे महत्त्वाचे आहे का?

कॅमेरा एकाच दिशेला रोखलेला असेल, तर चौकट डोळ्यांनी सरळ करून भागते. पॅन करायचा असेल तर भागत नाही. पाय तिरके असताना केवळ कॅमेरा सरळ केला, तर सुरुवातीला रंगमंचाची कड आडवी दिसते आणि कॅमेरा फिरत जाईल तशी ती कलत जाते. म्हणून पाणसळीचा बुडबुडा हेडच्या तळाशी, म्हणजे पॅन ज्या आसाभोवती होतो त्याच्या पातळीवर मध्यावर आणावा. साध्या ट्रायपॉडमध्ये हे पायांची लांबी कमीजास्त करून साधावे लागते. बाउल, म्हणजे हेड बसवायची वाटीसारखी खोबण, असलेल्या ट्रायपॉडमध्ये हेडखालचे अर्धगोल सैल करून, हेड सरळ करून पुन्हा आवळले की काम काही सेकंदांत होते. हे बाउल प्रामुख्याने ७५ आणि १०० मिलिमीटर व्यासाचे असतात आणि हेड घेताना माप जुळते का ते पाहावे लागते.

माझ्याकडे फोटोग्राफीचा ट्रायपॉड आणि बॉल हेड आहे. त्यावर व्हिडिओ करता येईल का?

स्थिर चौकटीसाठी निश्चितच करता येईल. व्याख्यान, काव्यवाचन, मुलाखत यांत कॅमेरा हलवण्याची गरज फारशी नसते आणि अशा कामाला घट्ट बसणारे बॉल हेड (गोळ्यावर फिरणारे हेड) पुरेसे आहे. अडचण हालचालीच्या वेळी येते. बॉल हेड सैल केले की कॅमेरा एकाच वेळी सर्व दिशांना मोकळा होतो. आडवे फिरवायला जावे तर तो कलतो आणि पुढेही झुकतो.

व्हिडिओसाठी फ्लुइड हेड असते. त्यात पॅन आणि टिल्ट (वरखाली झुकवणे) या दोन हालचाली वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि फिरणाऱ्या भागांमध्ये दाट द्रव असतो. द्रवाचा गुण असा, की जितक्या जोरात ढकलावे तितका त्याचा विरोध वाढतो. त्यामुळे हाताचा अचानक धक्का गिळला जातो आणि सावकाश हालचाल मात्र सहज होते. कोरड्या घर्षणात याच्या उलट घडते, कारण सुरुवातीला अडकून राहिलेला भाग एकदम सुटतो आणि तो झटका चित्रात दिसतो. स्वस्त हेडवर ‘फ्लुइड’ असे छापलेले असले, तरी आत अनेकदा केवळ ग्रीस असते. दुकानात ते ओळखण्याची सोपी पद्धत आहे: कॅमेरा लावून अगदी हळू पॅन सुरू करावा आणि मध्येच थांबून दांडी सोडावी. सुरुवात अडखळत झाली किंवा सोडल्यावर कॅमेरा थोडा मागे आला, तर ते हेड लांब लेन्सच्या कामाचे नाही.

माझ्या मते ज्याला एकाच वस्तूवर पैसे खर्च करता येतील, त्याने चांगले हेड घ्यावे आणि पाय साधे, पण जड घ्यावेत. कार्बन फायबरचे पाय हलके असतात आणि कंप लवकर शमवतात हे खरे, परंतु रिक्षातून सभागृहात नेऊन एका जागी तीन तास उभ्या ठेवायच्या ट्रायपॉडला थोडे वजन असलेले चांगलेच.

ड्रॅग आणि काउंटरबॅलन्स कसे जुळवावे?

ड्रॅग म्हणजे हेडचा हालचालीला होणारा विरोध आणि काउंटरबॅलन्स म्हणजे झुकलेल्या कॅमेऱ्याचे वजन तोलणारी स्प्रिंगची योजना. आधी तोल, मग काउंटरबॅलन्स, शेवटी ड्रॅग हा क्रम ठेवावा. लेन्स, माइक, बॅटरी असे सर्व काही लावून झाल्यावर प्लेट पुढेमागे सरकवून कॅमेरा आडवा राहील अशी जागा शोधावी. नंतर कॅमेरा सुमारे ३० अंश खाली झुकवून हात काढावा. तो आणखी खाली गेला तर काउंटरबॅलन्सच्या स्प्रिंगचा जोर वाढवावा, वर उसळला तर कमी करावा. लहान हेडमध्ये हा जोर कारखान्यातच ठरवलेला असतो, बदलता येत नाही; तेव्हा हेडची शिफारस किती वजनाच्या कॅमेऱ्यासाठी आहे, हे पाहूनच ते घ्यावे. फार हलका कॅमेरा जड हेडवर लावला, तर स्प्रिंग त्याला सतत वर ढकलत राहते.

ड्रॅग आणि लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेड मोकळे वाटते म्हणून लॉकचा खटका अर्धवट आवळून काम करण्याची सवय सर्रास दिसते. त्यामुळे पॅन अडखळतो आणि लॉक झिजून पुढे ते पूर्णही आवळत नाही. चित्रीकरण करताना लॉक एक तर पूर्ण उघडा असावा किंवा पूर्ण बंद.

पॅन करताना सुरुवातीला आणि शेवटी झटका बसतो. काय करावे?

बहुतेक वेळा दोष उभे राहण्याच्या पद्धतीत असतो. पॅन जिथे संपणार आहे त्या दिशेला पावले रोखून उभे राहावे आणि कंबरेतून वळून सुरुवातीच्या चौकटीकडे यावे. अशाने सुरुवात थोड्या अवघडलेल्या स्थितीत होते, पण शरीर सैल होत जाते आणि शेवट, जिथे चौकट नेमकी बसायला हवी, तिथे हात आरामात असतो. उलट केल्यास शेवटी शरीर ताणले जाते आणि कॅमेरा ठरलेल्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे थांबतो. दांडी मुठीत आवळून न धरता बोटांनी धरावी. दांडीला रबरबँड अडकवून तो ओढत पॅन करण्याची जुनी युक्तीही उपयोगी पडते, कारण हाताचा धक्का रबर शोषून घेते.

वेगाचा एक जुना अंदाज असा, की सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावेत. त्याहून जलद पॅनमध्ये उभ्या रेषा तुटक उड्या मारताना दिसतात. शिवाय बहुतेक मोबाइल आणि कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे फार जलद पॅनमध्ये रंगमंचाचे खांब तिरके झालेले दिसतात. ५० फ्रेमच्या वेगात थोडी सूट मिळते.

प्रत्येक पॅनच्या आधी आणि नंतर किमान पाच सेकंद स्थिर चौकट टिपावी. संपादनात त्याच सेकंदांवर कापता येते. आणि पॅन खरोखर हवा आहे का, हेही पाहावे. गायकाने तान घेतली आणि तबलजीने दाद दिली म्हणून कॅमेरा तिकडे वळवावा, तोपर्यंत तो क्षण गेलेला असतो. गायक आणि साथीदार दोघेही मावतील अशी थोडी रुंद चौकट त्यापेक्षा उत्तम. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपून बुवांना बुक्का आणि हार होतो, मध्ये भजन चालते. चौकट बदलायला, बॅटरी पाहायला तीच वेळ योग्य.

ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे का?

साधारणतः होय. कॅमेरा स्थिर असताना काही जुन्या लेन्सचे स्टॅबिलायझेशन नसलेली हालचाल दुरुस्त करू पाहते आणि चित्र हळूच तरंगत राहते. पॅनच्या वेळी ते हेतुपुरस्सर केलेली हालचालही चूक समजून रोखते आणि शेवटी चित्र किंचित पुढे सरकून थांबते. मोबाइलचे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन याशिवाय चौकटीच्या कडाही कापते. नव्या कॅमेऱ्यांना आपण ट्रायपॉडवर आहोत हे ओळखता येते, परंतु हलणाऱ्या मंचाजवळ ते ओळखणे चुकू शकते. अर्धा मिनिट चालू ठेवून आणि अर्धा मिनिट बंद ठेवून टिपावे व मोठ्या पडद्यावर पाहावे.

चित्र लुकलुकते, त्यावर पट्टे फिरतात. हा ट्रायपॉडचा दोष आहे का?

नाही, हा दिव्यांचा परिणाम आहे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने थेट विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणि चित्रीकरण २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवल्यास हे पट्टे बहुधा जातात; मोबाइल ३० फ्रेमवरच चालत असेल, तरी शटर या दोनपैकी एका वेगावर ठेवता आले तर पुरते. रंगमंचावरचे मंद केलेले एलईडी दिवे मात्र निराळ्याच गतीने लुकलुकू शकतात, तेव्हा पडदा उघडण्याआधी प्रकाशयोजनाकाराकडून दिवे लावून घेऊन तपासावे.

मोबाइलसाठी वेगळी काय काळजी घ्यावी?

मोबाइल हलका असतो, म्हणून कोणताही बारीक स्टँड चालेल हा समज चुकीचा आहे. हलक्या स्टँडवरचा हलका फोन पंख्याच्या वाऱ्यानेही डोलतो. होल्डर धातूचा आणि स्क्रूने आवळणारा असावा, केवळ स्प्रिंगचा नसावा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, कारण फोन आल्यावर होणारी थरथर चित्रात उतरते आणि काही फोनमध्ये चित्रीकरणच थांबते. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकस लॉक करावेत. चित्रीकरण सुरू करताना पडद्यावर बोट मारण्यापेक्षा ब्लूटूथ रिमोट वापरावा. तो नसेल तर सुरुवातीचे काही सेकंद नंतर कापावेत.

उघड्यावरच्या कार्यक्रमात वारा असतो. ट्रायपॉड कसा रोखावा?

तळकोकणात आणि गोव्यात दशावतारी नाटके देवळाच्या आवारात रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, आणि त्या आवारात चिऱ्याची फरशी, माती आणि वाळू एकाच ठिकाणी भेटतात. मातीत पायांचे टोकदार खिळे उपयोगी पडतात, फरशीवर रबरी बूट. ट्रायपॉडच्या मध्याशी हुक असल्यास त्याला वाळूची किंवा सामानाची पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला अलगद टेकलेली असावी. हवेत लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि तेच झोके कॅमेऱ्याला देते. जोराच्या वाऱ्यात ट्रायपॉडची उंची कमी करणे कोणत्याही वजनापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

कॅमेरा चालू ठेवून बाजूला गेले तर चालेल का?

लहान मुले असलेल्या कार्यक्रमात मुळीच नाही. इतरत्र जायचे असल्यास पॅन आणि टिल्ट दोन्ही लॉक करावेत, नाहीतर पुढे जड असलेला कॅमेरा सावकाश झुकत जातो. काही कॅमेऱ्यांत सलग चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबते, हेही आधी तपासावे.

ट्रायपॉड लावायला परवानगी लागते का?

खासगी सभागृहात आयोजकांची आणि सभागृहाच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते, शिवाय कलाकारांचीही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो सादरीकरणानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ५० वर्षे टिकतो. कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक आणि नटांबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही येते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. नाटकाच्या संहितेचे आणि संगीताचे हक्क याहून वेगळे. अजिंठा, वेरूळ, रायगड, शिवनेरी अशा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्थळी ट्रायपॉड वापरण्यासाठी आगाऊ लेखी परवानगी घ्यावी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला जी मुभा असते, ती ट्रायपॉडला नसते.

देखभाल कशी करावी?

समुद्रकिनाऱ्यावर वापरल्यास त्याच दिवशी पाय गोड्या पाण्याने धुऊन, सर्व भाग बाहेर काढून सावलीत वाळवावेत. वाळूचा एक कण लॉकमध्ये राहिला तरी पुढच्या वेळी तो करकरतो. हेडवर मात्र पाणी ओतू नये, ते ओल्या फडक्याने पुसावे. हेडमध्ये घरगुती तेल घालू नये, कारण त्याने आतला दाट द्रव पातळ होतो आणि ड्रॅग जातो. ठेवून देताना ड्रॅग कमीत कमी करून लॉक सैल सोडावेत. प्लेट हरवली तर तशीच दुसरी मिळणे कठीण असते, म्हणून ट्रायपॉड घेतानाच एक जास्तीची प्लेट घेऊन ती कॅमेऱ्याच्या बॅगेत कायमची ठेवावी.